पाच पत्रे आणि पाच झाडं

दोन चादरी दोरीवर चढल्या होत्या. तिसरी अर्धी दोरीवर होती आणि अर्धी नानांच्या खांद्यावरून पाणी गाळत होती. बादलीत उशांचे अभ्रे तसेच पिळून पडले होते, आणि नाना तोंडात चिमटा धरून लिंबाच्या रोपाकडे टक लावून उभे होते.

"अहो," स्वयंपाकघराच्या खिडकीतून माईंचा आवाज आला, "चादर वाळत घालताय की पांघरून झोपताय?"

नानांनी चिमटा काढला. "आलो, आलो," म्हणाले, आणि जागचे हलले नाहीत.

लिंबाची पानं पिवळी पडली होती. एखाददुसरं पान पिवळं पडलं तर माणूस म्हणतो, जुनं झालं असेल. इथे शेंड्याची कोवळी पानंसुद्धा कडेनं करपून आत वळली होती. नानांनी एकाला बोट लावलं तर ते सरळ हातात आलं. शेजारचं डाळिंबही मान टाकून होतं. पुढची तीन, अंजीर, तुती आणि पेरू, मजेत होती. पेरूनं तर परवाच नवा फुटवा काढला होता.

दुसऱ्या कुणाचं रोप वाळलं असतं तर तो हळहळला असता आणि चहा प्यायला आत गेला असता. नानांना मात्र चहा सुचेना, आणि त्याला कारण होतं.

नाना चौतीस वर्षं बस डेपोत फिटर होते. ब्रेक ही त्यांची खासियत. त्यांची सही झाल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जात नसे, आणि त्यांनी सही केलेली गाडी कधी ब्रेक लागला नाही म्हणून परत आली नाही. घरी मात्र उलटा कारभार. न्हाणीघराचा नळ कित्येक वर्षं फडक्यानं बांधलेला, कपाटाचं दार एका बिजागरीवर, भिंत अर्धी रंगवलेली. माई म्हणायच्या, "बाहेर कीर्ती आणि घरात माती." पहाटे पाचला घर सोडणाऱ्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागतं, म्हणून नाना ऐकून घ्यायचे.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घराच्या बाजूची गाडी ठेवायची खोली ताब्यात घेतली. नानांकडे स्वतःची गाडी नव्हतीच. होती ती सायकल. पण गाड्यांचं वेड असलेल्या माणसाला गाडी लागतेच असं नाही, दुसऱ्याची चालते. हळूहळू त्या खोलीचं रूप पालटलं. जमिनीवर गुळगुळीत कोबा आला. भिंतीवर फळी ठोकून प्रत्येक पान्याची आकृती पांढऱ्या रंगानं काढली, म्हणजे कोणता पाना जागेवर नाही ते लांबूनच कळावं. डेपोनं भंगारात काढलेलं बसचं एक बाक आलं. आणि त्या बाकाच्या वर, दोरी ओढून वाजवायची कंडक्टरची घंटा. ती दोरी नानांनी भिंतीला भोक पाडून थेट स्वयंपाकघरात नेली होती. चहा झाला की माई दोनदा वाजवायच्या, टिंग टिंग. एकदाच वाजली तर समजायचं, थांबा, साखर संपली आहे.

दर रविवारी तिथे मंडळी जमायची. बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ, त्यांना सगळे बँकवाले म्हणत. त्यांची जुनी गाडी महिन्यातून तीन रविवार बोनेट उघडून उभी असायची आणि चौथ्या रविवारी ती का चालली याची चर्चा व्हायची. एक मास्तरीणबाई, लहानशी पिवळी गाडी स्वतः चालवणाऱ्या आणि स्वतः दुरुस्त करणाऱ्या. आणि गाड्यांना रंग देणारा रंगारी, जो दुसऱ्याच्या गाडीवरचा ओरखडा वीस पावलांवरून ओळखायचा आणि स्वतःची गाडी तीन रंगांत फिरवायचा.

माणसं चांगली होती, पण जागा पुरेना. खोलीत एक गाडी मावायची, बाकीच्या उन्हात. म्हणून वर्षापूर्वी नानांनी माईंपुढे प्रस्ताव ठेवला, की बाजूच्या अंगणावर लोखंडी खांब उभे करून पत्रे टाकावेत.

ते अंगण माईंचं होतं. सकाळी स्नान झालं की त्या तिथे कोवळ्या उन्हात डोळे मिटून बसायच्या, देवाचं नाव घ्यायच्या, मग दिवसाला हात घालायच्या. त्यांची गुलाबाची कुंडीही तिथेच होती.

माई लगेच नाही म्हणाल्या नाहीत. विचारलं, "किती पत्रे?"

"पाच."

"मग पाच झाडं लावा. कुंपणाच्या भिंतीलगत, ओळीनं. तुम्ही लावा, तुम्ही पाणी घाला. वर्षभर पाचही जगली तर पत्रे तुमचे. एक जरी गेलं तर पत्रे उतरवायचे आणि माझं अंगण मला परत."

"एवढंच?" नाना म्हणाले.

"एवढंच. सुरू केलेलं एक काम या घरात पुरं झालेलं मला डोळ्यांनी बघायचं आहे."

नानांनी डेपोच्या रिवाजाप्रमाणे चक्क कामाचं कार्ड केलं. काम: झाडे, नग पाच. मुदत: एक वर्ष. एक जरी गेल्यास पत्रे उतरवणे. जबाबदार: मी. खाली दोघांच्या सह्या. पत्रे चढले, झाडं लागली, कार्ड खिळ्याला अडकलं, आणि त्या खिळ्याशेजारी वर्षाचे अकरा महिने आणि एक आठवडा सरळ निघून गेला. आता तीन आठवडे उरले होते आणि लिंबाचं पान हातात आलं होतं.

त्या सकाळी चादर तशीच लोंबत राहिली. अभ्रे माईंनी येऊन वाळत घातले. लिंबाकडे त्यांनी पाहिलं की नाही, ते नानांना कळलं नाही, आणि विचारायची छाती झाली नाही.

दुसऱ्याच दिवशी रविवार. मंडळी जमली तेव्हा कुणाचंही बोनेट उघडलं नाही. सगळे लिंबाभोवती कोंडाळं करून उभे.

"पाणी जास्त होतंय," बँकवाले म्हणाले. "इंजिनात जास्त पेट्रोल गेलं की कसं गुदमरतं, तसं."

"तुमची गाडी रोज गुदमरते, म्हणून तुम्हाला सगळीकडे तेच दिसतं," रंगारी म्हणाला. "मला तर ऊन कमी वाटतंय. हा बघा पहिला पत्रा. लिंबाच्या डोक्यावर वीतभर पुढे आलाय."

नानांनी वर पाहिलं. खरंच आला होता. पण डाळिंबावर तर ऊन पडत होतं, आणि तेही वाळत होतं.

मास्तरीणबाई खाली बसून मातीचा वास घेत होत्या. काड्या, पानं, खोड, सगळं तपासून झालं. कीड नाही, बुरशी नाही. मग त्या उठल्या, हात झटकले आणि म्हणाल्या, "नाना, गाडी बिघडून आली की तुम्ही ड्रायव्हरला पहिला प्रश्न काय विचारायचात?"

नाना हा प्रश्न झोपेतही सांगू शकले असते. डेपोतल्या दोन पिढ्यांना त्यांनी तो पढवला होता. "शेवटचा हात कुणी लावला?"

"मग? या दोन झाडांना शेवटचा हात कुणी लावला?"

"मीच. दुसरं कोण? रोज सकाळ-संध्याकाळ पाणी..." एवढं म्हणता म्हणता नानांची नजर खोलीतल्या बादलीवर गेली.

कारण पाणी पाचही झाडांना मिळत होतं. या दोघांना त्याशिवाय आणखी काही तरी मिळत होतं. लाडानं.

डेपोत असताना बसच्या रेडिएटरमध्ये साधं पाणी असायचं. ते बदललं की नाना बादली उचलून फाटकाजवळच्या फुलझाडांना घालायचे. पाणी वाया घालवणं त्यांना पटायचंच नाही, आणि डेपोची फुलं बघायला माणसं थांबायची. तीच सवय घरी आली. रविवारी कुणाच्या ना कुणाच्या गाडीचं रेडिएटर उघडायचं, खाली बादली लागायची, आणि मंडळी गेली की नाना ती बादली उचलून जवळच्या झाडाला घालायचे. जवळचं म्हणजे लिंबू. लिंबाला पोटभर, उरलं तर डाळिंबाला. पाणी आता हिरवं असायचं, कधी गुलाबी. त्यात कूलंट घालतात, हे नानांना ठाऊक होतं. गंज लागू न देणारं औषध, एवढं पक्कं ठाऊक. आणि जे लोखंडाला जपतं ते झाडाला काय वाईट करणार, असा त्यांचा साधा हिशोब. मनातून तर त्यांना वाटायचं, हिरवं आहे, मानवेलच.

नाना खोलीत गेले. कोपऱ्यात कूलंटचा कॅन होता. हा कॅन त्यांनी शंभर वेळा उचलला होता, पण त्यावरची चिठ्ठी कधी वाचली नव्हती. चिठ्ठ्या वाचणं हे नवशिक्याचं काम, असं त्यांचं ठाम मत. त्यांनी चष्मा पुसला, नाकावर चढवला आणि कॅन उजेडात धरला. बारीक अक्षरात छापलं होतं: विषारी. मातीत, गटारात किंवा पाण्यात टाकू नये. मुले व पाळीव प्राणी यांपासून दूर ठेवावे.

देव माणसाला हात देतो, डोळे देतो. पण डोळ्यांसमोर धरलेलं वाचायचं की नाही, ते मात्र त्यानं माणसावरच सोडलं आहे.

"अरे देवा," नाना बाकावर बसत म्हणाले. "मीच पाजलं की रे."

कुणी हसलं नाही. रंगाऱ्याला हसू येत होतं, पण त्यानं ते खोकल्यात जिरवलं. मास्तरीणबाईंनी सरळ फावडं उचललं. "नाना, आधी माती काढू या. लिंबाचं काही सांगता येत नाही, पण डाळिंब वाचेल. आणि ती माती पोत्यात भरा, दुसऱ्या झाडाला नको."

अर्धा तास फावडं, घमेलं आणि नवी माती. डाळिंबाची मुळं अजून पांढरी होती. लिंबाची काळी पडून मऊ झाली होती. मास्तरीणबाईंनी मान हलवली आणि रोप उपटून बाजूला ठेवलं.

मग बँकवाल्यांनी नानांना बाजूला घेतलं. आवाज खाली आणला. "नाना, एक सुचवू? चौकापलीकडे रोपवाटिका आहे. एवढ्याच उंचीचं लिंबू मिळतं. अंधार पडायच्या आत लावून टाकू. वहिनींना काय कळणार? लिंबासारखं लिंबू!"

नानांनी खिळ्याला अडकलेल्या कार्डाकडे पाहिलं. खरं सांगायचं तर क्षणभर मन डळमळलं. पत्रे गेले की गाड्या उन्हात, गाड्या उन्हात की मंडळी घरी, आणि मंडळी घरी की रविवारही सोमवारसारखाच. हे सगळं एका रोपात वाचत होतं.

"बँकवाले," ते शेवटी म्हणाले, "चौतीस वर्षांत ब्रेकची झिजलेली पट्टी रंगवून नवी म्हणून मी कधी बसवली नाही. आता घरात बसवू?"

"अहो, ब्रेक वेगळा, लिंबू वेगळं."

"सही तीच आहे ना?"

तेवढ्यात टिंग टिंग झालं. चहा तयार होता, पण त्या दिवशी मंडळींनी उभ्याउभ्याच कप रिकामे केले आणि परीक्षेला बसायला निघाल्यासारखी पांगली. नाना रिकामे कप घेऊन स्वयंपाकघरात गेले. माई कणीक मळत होत्या. नाना ओट्याला टेकून उभे राहिले, आणि मग एका दमात सगळं सांगून टाकलं. बादली, हिरवं पाणी, कॅन, काळी मुळं.

माईंचा हात थांबला नाही. कणीक गोळा झाली, तेलाचा हात फिरला, वर ताटली गेली.

"कार्डावर काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं.

"एक जरी गेल्यास पत्रे उतरवणे."

"म्हणजे वाचता येतं की तुम्हाला."

नानांना हे नेमकं लागलं. "येतं," एवढंच म्हणाले. मग विचारलं, "तुला राग आला?"

"झाडाचं वाईट वाटतंय. मुकं बिचारं. तुम्ही पाजत गेलात, ते पीत गेलं." माईंनी हात धुतले. "पण आपणहून येऊन सांगितलंत, ते बरं केलंत. मी कालच पाहिलं होतं. वाट बघत होते, हा माणूस मला काय सांगतो म्हणून."

पत्रे ठेवा असं काही त्या म्हणाल्या नाहीत. नानांनीही विचारलं नाही.

मुदत संपायला अजून तीन आठवडे होते, पण मेलेलं झाड मुदतीची वाट बघत नाही, असं नाना म्हणाले आणि पुढच्याच रविवारी पत्रे उतरवायचं ठरवलं. त्या आठवड्यात त्यांनी आणखीही काही केलं. न्हाणीघराचा नळ बदलला. कपाटाची बिजागरी बसवली. भिंतीचा उरलेला अर्धा भाग रंगवला. रंगाऱ्यानं छटा जुळवून दिली आणि म्हणाला, "नाना, एक झाड मेलं तर घर सुधारलं. पाचही मेली असती तर वहिनींना राजवाडा मिळाला असता!"

"तुझ्या गाडीला चौथा रंग देऊ का?" नानांनी विचारलं, तेव्हा त्यानं ब्रश धुवायला घेतला.

रविवार उजाडला. माई सकाळी अंगणाच्या कडेला, पत्र्यांच्या सावलीबाहेर स्टूल घेऊन बसल्या, डोळे मिटले, त्यांचं रोजचं पुटपुटणं झालं. मग उठून आत गेल्या. मंडळी आली, पण गाड्या बाहेर रस्त्यावरच लावल्या. जणू सुतकात भेटायला आली होती. बँकवाल्यांनी शिडी धरली. मास्तरीणबाई खाली पान्यांचा डबा घेऊन उभ्या. नाना वर चढले, सत्तरीच्या माणसाला न शोभेल अशा चपळाईनं.

पहिल्या पत्र्याचे आठ नट. गंज नव्हता. नानांनीच ग्रीस लावून बसवले होते. एकेक नट निघाला आणि डब्यात वाजत पडला. रंगाऱ्यानं आणि बँकवाल्यांनी पत्रा धरून खाली घेतला आणि भिंतीला टेकवला.

आणि त्या जागेतून ऊन खाली आलं. थेट अंगणात, खोलीच्या दारापासून लिंबाच्या रिकाम्या खड्ड्यापर्यंत एक चौकोन पडला.

"अरे बापरे," रंगारी म्हणाला. त्यानं लगबगीनं बाहेर जाऊन बँकवाल्यांची गाडी आत आणली, तिचा पुढचा दरवाजा त्या उजेडात घेतला आणि खाली वाकून बघितलं. "बँकवाले, हा दरवाजा मी रंगवला तेव्हा तुम्ही म्हणालात, अगदी जुळला. मलाही वाटलं, जुळला. ट्यूबलाइटखाली रंग थापा मारतो हो. इथे बघा, दुसऱ्याच गाडीचा दरवाजा वाटतोय!"

"म्हणजे तू वर्षभर थापा मारल्यास."

"रंगानं मारल्या. मी फक्त पैसे घेतले."

मास्तरीणबाई इतक्या हसल्या, की डबा हलून दोन नट खाली पडले. पण वर शिडीवर नानांना हसायला वेळ नव्हता. त्यांनी शिडी दोन पावलं सरकवून घेतली होती आणि दुसऱ्या पत्र्याच्या पहिल्या नटाला पाना लावला होता. दात आवळून त्यांनी पाना फिरवला.

टिंग.

एकदाच. सगळ्यांनी खोलीतल्या घंटेकडे पाहिलं. नानांचा हात जागच्या जागी थांबला. चौतीस वर्षांची सवय, एक घंटा झाली की गाडी थांबायची.

माई दारात आल्या. हातात ते कार्ड होतं. कधी खिळ्यावरून काढलं, कुणाला कळलं नव्हतं.

"साखर संपली का?" नानांनी वरून विचारलं.

"साखर आहे. उतरा खाली."

नाना उतरले. माईंनी कार्ड त्यांच्यापुढे धरलं. "पाच पत्रे, पाच झाडं. किती झाडं गेली?"

"एक."

"किती पत्रे उतरले?"

"एक."

"मग झालं की. चार झाडं जगली, चार पत्रे राहू देत. माझी सही आहे कार्डावर, मी बदलू शकते." त्यांनी उन्हाच्या चौकोनाकडे पाहिलं. "आणि एवढी जागा मला पुरते. सकाळी मी इथे बसेन. तुमच्या गाड्या तोवर बाहेर थांबतील."

"थांबतील, वहिनी," बँकवाले घाईघाईनं म्हणाले. "दुपारपर्यंत थांबतील."

"तुमची तर तशीही थांबते," रंगारी म्हणाला.

नाना चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत राहिले. मग भिंतीजवळ जाऊन डाळिंब बघून आले. जुनी पानं बरीच गळली होती, पण बुडाजवळ तांबूस कोंब डोकावत होता, तांदळाच्या दाण्याएवढा. त्यांनी तो सगळ्यांना दाखवला, मग पुन्हा एकट्या माईंना दाखवला.

"खड्डा तसाच ठेवू नका," माई म्हणाल्या. "अजून खोल खणा, सगळी माती बदला. त्या जागेवर आता भरपूर ऊन आहे. तिथे लिंबूच लावायचं. आणि नवं कार्ड करा."

"मुदत?"

"लिंबू धरेपर्यंत."

कार्ड मास्तरीणबाईंनी लिहिलं, त्यांचं अक्षर चांगलं म्हणून. जबाबदार या शब्दापुढे नानांनी सही केली. खाली त्यांनी स्वतःच्या हातानं आणखी एक ओळ घातली: पाणी फक्त नळाचं. रेडिएटरखालची बादली आता झाकणाच्या कॅनमध्ये रिकामी होणार होती, आणि कॅन भरला की तो डेपोत जाणार होता. तिथे जुनं तेल आणि कूलंट गोळा करून नेणारी गाडी महिन्यातून एकदा येते, असं नानांच्या हाताखाली शिकलेल्या फोरमननं सांगितलं होतं. कॅनवर नानांनी पांढऱ्या रंगानं, पान्यांच्या आकृत्या काढल्या त्याच ब्रशानं, ठळक अक्षरात लिहिलं: विष.

"आता चष्म्याशिवायही वाचता येईल," माई म्हणाल्या, आणि आत जाऊन दोनदा दोरी ओढली.

टिंग टिंग.

चहा झाला, मंडळी गेली, आणि नाना दोरीजवळ आले. सकाळी धुतलेले कपडे बादलीत होते. त्यांनी एकेक झटकून वाळत घातला, चिमटे लावले, शेवटचा रुमालसुद्धा. बादली पालथी घातली. मग सायकल काढली, मागच्या कॅरियरला पोत्याचा तुकडा बांधला आणि लिंबाचं रोप आणायला चौकापलीकडच्या रोपवाटिकेत निघाले.